गोरोबाकाकांच्या गावातलं चैत्यगृह

मुरुडच्या माणसाला तेर कुठं आहे हे सांगावं लागत नाही. चैत्र वद्य त्रयोदशीला तिथं गोरोबाकाकांची यात्रा भरते आणि घरातलं कुणी ना कुणी समाधीवर डोकं टेकवून आलेलं असतं. वारकऱ्यांच्या घरात तर ‘तेर’ नुसतं म्हणत नाहीत, ‘काकांचं तेर’ म्हणतात. पण त्याच गावात, समाधीपासून पायी जाता येईल इतक्या जवळ, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या बांधीव वास्तूंपैकी एक आपल्या मूळ छपरासकट उभी आहे. ती बौद्धांचं चैत्यगृह म्हणून बांधली गेली असावी, असं शंभरहून अधिक वर्षं अभ्यासक म्हणत आले आहेत. यात्रेला दर वर्षी जाणाऱ्या कितीतरी जणांनी तिच्यापुढं हात जोडलेले असतात, मात्र त्रिविक्रमाचं देऊळ म्हणून. दोन्ही खरं आहे, आणि म्हणूनच तेरला एकदा यात्रेचा दिवस सोडून, रिकाम्या दिवशी जायला हवं.

मुरुड हे लातूर-बार्शी रस्त्यावरचं बाजाराचं गाव. तेर इथून शेजारच्या जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिवमध्ये, पण जिल्ह्याची हद्द फक्त कागदावर जाणवते. दोन्हीकडं तीच काळी जमीन, तोच सोयाबीन, तीच तूर आणि पाणी असेल तिथं ऊस. बार्शीच्या दिशेनं निघालं की ढोकी लागतं. तेरणा साखर कारखान्यामुळं या गावाचं नाव सगळ्या भागाला ठाऊक आहे. ढोकीहून तेरचा फाटा धरायचा. एसटीनं गेलं तर इथं गाडी बदलावी लागते, स्वतःचं वाहन असेल तर मुरुड ते तेर हा प्रवास तासाभरात आटोपतो. रेल्वेचा रूळही या रस्त्याला सोबत करतो. ही एकेकाळची बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं अडीच फुटी रुळांवर ती आधी कुर्डुवाडीहून बार्शीला आणली, आणि १९११ साली ती लातूरपर्यंत पोचली. कापूस, धान्य आणि गूळ बाहेर न्यायला गाडी हवी होती म्हणून ती आली. आता रूळ रुंद झालेत, पण या काळ्या मातीतला माल बाहेर जायची वाट फार जुनी आहे. किती जुनी, ते तेरलाच कळतं.

गावात शिरताना पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती उंचसखलपणा. आपल्याकडं शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढर. तेरमध्ये ही पांढर साधीसुधी नाही. टेकाडामागून टेकाड आहे, आणि त्यातलं एकही निसर्गानं उभं केलेलं नाही. माणसं राहिली, भिंती पडल्या, त्यावर पुन्हा माणसं राहिली, असं दोन हजार वर्षं चाललं आणि त्याची ही उंची झाली. पावसानं एखादी कड ढासळली की आतले थर दिसतात: राख, खापरं, विटांचे तुकडे, पुन्हा राख. मराठवाड्यात माळवदाच्या घरांवर पांढरी माती टाकतात, म्हणजे छत गळत नाही. तेरच्या लोकांनी ही माती पिढ्यान्‌पिढ्या या टेकाडांतून खणून नेली, आणि माती नेता नेता मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या हाती लागत गेल्या. लहान मुलांनी त्या खेळायला घेतल्या. ही गोष्ट पुढं महत्त्वाची ठरली.

त्रिविक्रमाचं देऊळ गावाच्या वस्तीतच आहे. वेरूळ-अजिंठ्याला जायचं म्हणजे डोंगर, दरी, तिकीटखिडकी अशी मनाची तयारी होते. इथं तसं काही नाही. गल्ली, घरं, दारात वाळत घातलेली डाळ, आणि एकदम समोर देऊळ. पुढून पाहिलं तर निराशाच होते. सपाट छताचा चौकोनी मंडप दिसतो, तो नंतरच्या काळात जोडलेला. पण मंडपाच्या मागं मान वर करून बघितलं की मूळ इमारतीची दर्शनी त्रिकोणी भिंत दिसते आणि तिच्यावर चैत्यगवाक्षाची ती ओळखीची कमान. कार्ले, भाजे, अजिंठा, ज्यानं कुठलंही एक चैत्य पाहिलं असेल त्याला ही कमान परकी वाटणार नाही.

खरी गंमत मागच्या बाजूला आहे. देवळाला प्रदक्षिणा घालत गेलं की भिंत कुठं कोपरा करतच नाही, वळत जाते. मागचा भाग अर्धगोल आहे आणि त्यावरचं छप्पर सवारी गाडीच्या छपरासारखं कमानदार, मागं उतरतं होत गेलेलं. वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत याला गजपृष्ठ म्हणतात. पूर्ण आकार जमिनीवरून नीट दिसत नव्हता, म्हणून शेजारच्या घरातल्या मावशींना विचारलं. “या की वर. पर पाय जपून टाका, माळवद जुनं हाय,” असं म्हणत त्यांनी जिन्याकडं बोट दाखवलं. वरून देवळाची पाठ पूर्ण दिसली. शिखर नाही, कळसांची उतरंड नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही देवळाशी या छपराचा काही संबंध दिसत नाही. मावशींना विचारलं, हे देऊळ कुणी बांधलं? “आमच्या आधीचंच हाय बगा,” त्या म्हणाल्या. याहून नेमकं उत्तर पुरातत्त्वाच्या अहवालांतही मिळणं कठीण.

हा आकार का, हे समजून घ्यायला चैत्यगृहाचं काम लक्षात घ्यावं लागतं. बौद्ध उपासनेच्या जुन्या काळात बुद्धाची मूर्ती नव्हती, स्तूप होता. स्तूपाला उजवी घालायची असते, म्हणून तो जिथं ठेवायचा तिथली मागची भिंत गोल वळवायची, म्हणजे फिरणारा माणूस कोपऱ्यात अडकत नाही. लाकडी चैत्यगृहं अशी बांधली जात आणि त्यांच्या छपराला लाकडाचीच कमानदार बरगडी असे. सह्याद्रीतल्या कारागिरांनी तीच लाकडी इमारत जशीच्या तशी खडकात कोरली, इतकी की दगडात गरज नसतानाही लाकडी वाशांची नक्कल केली. लाकडी मूळ इमारती कधीच नष्ट झाल्या. नक्कल टिकली, अस्सल गेलं. तेरला मात्र तिसराच प्रकार आहे: तीच इमारत, पण विटांत बांधलेली. इथं ना डोंगर आहे ना कडा. तेरणेच्या काठची गाळाची माती मात्र मुबलक. मग ज्या हातांना माती कळत होती त्यांनी तिच्या विटा भाजल्या आणि विटांचे थर एकावर एक, थोडे थोडे आत सरकवत कमान मिटवली. भिंतींना चुन्याचा गिलावा असल्यानं विटा सगळीकडं दिसत नाहीत, पण जिथं दिसतात तिथं त्यांचा आकार लक्षात येतो. आपली आजची वीट त्यांच्यापुढं खुजी वाटते.

आत गाभाऱ्यात अंधार आहे आणि त्यात त्रिविक्रम उभा आहे. एक पाय जमिनीवर रोवलेला, दुसरा वर उचललेला, तिन्ही लोक पावलांत मोजणारा वामनाचा विराट अवतार. मूर्ती दगडी आणि इमारतीपेक्षा बरीच अलीकडची. गावातल्या माणसांच्या नित्य पूजेतला हा देव आहे. ताजी फुलं होती, तेलाचा वास होता. आपण एका संरक्षित वास्तूत आलो आहोत असं क्षणभरही वाटत नाही, आणि मला तेच या जागेचं मोठं वैशिष्ट्य वाटलं.

या वास्तूकडं अभ्यासकांचं लक्ष वेधलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचे हेन्री कझेन्स यांनी तेर पाहिलं, देवळाचा आकार पाहिला आणि हे बौद्ध चैत्य असून नंतर त्यात विष्णूची स्थापना झाली असं मत मांडलं. आंध्रातल्या चेझर्ल्याचं कपोतेश्वर मंदिर हे याचं जुळं भावंड. तेही विटांचं, तेही गजपृष्ठ, आणि तिथंही आता शिव आहे. काळाबद्दल मात्र एकमत नाही. कुणी ही वास्तू सातवाहनांच्या मागोमाग ठेवतो, कुणी पाचव्या-सहाव्या शतकात आणतो. काही जणांचं तर म्हणणं असं की गोल पाठ म्हणजे बौद्धच, असं धरून चालता येत नाही. आंध्रातल्या गुडिमल्लमचं शिवमंदिर गोल पाठीचं आहे, ऐहोळेचं प्रसिद्ध दुर्ग मंदिरही. तेव्हा त्रिविक्रमाचं देऊळ पहिल्यापासून देऊळच असू शकेल. आक्षेप योग्य आहे. तरी गावाच्याच टेकाडांत उत्खननात विटांचा मोठा स्तूप सापडला आहे, इथं बौद्ध वस्ती होती यात शंका उरलेली नाही. अशा गावात अशा आकाराची इमारत कुणी कशासाठी बांधली असेल, याचं सरळ उत्तर मला कझेन्सचंच वाटतं.

स्तूपाची गोष्ट जास्त बोलकी आहे. १९५८ साली बा. ना. चापेकरांनी तेरला पद्धतशीर उत्खनन केलं आणि त्याचा अहवाल पुढं प्रसिद्ध झाला. साठच्या आणि सत्तरच्या दशकात आणखी उत्खननं झाली, त्यांत स्तूपाचे अवशेष उघडे पडले, आणि सातवाहन राजा पुळुमावीची नाणी मिळाली. स्तूप म्हणजे विटांचा भरीव ढीग. त्याची पूजा संपली की गावाच्या दृष्टीनं तो विटांचा फुकट साठा. घर बांधायचं आहे, विहिरीला कडं बांधायचं आहे, जा आणि घेऊन या. शेकडो वर्षांत तो जमिनीत गेला, आणि त्याचा पाया तेवढा राहिला. त्याच गावातलं चैत्यगृह मात्र छपरासकट उभं आहे. दोन्ही एकाच मातीच्या विटांचे, एकाच गावातले. फरक इतकाच की एकात कुणीतरी दिवा लावत राहिलं. ज्या घरात देव आहे त्या घराची वीट कुणी काढत नाही, उलट गळतं तिथं डागडुजी करतो, चुना लावतो. धर्मांतरानं एखादी वास्तू ‘हिरावली’ गेली असं आपण आज सहज म्हणतो, आणि काही ठिकाणी ते खरंही आहे. तेरमध्ये मला उलटं दिसलं. त्रिविक्रम आला नसता तर आपल्याला बघायला हे चैत्यगृह उरलंच नसतं, त्याच्याही जागी एक पांढरं टेकाड असतं. नागपूरच्या १९५६च्या दीक्षेनंतर मराठवाड्यातल्या घराघरांत बुद्ध पोचला. त्या घरातल्या कुणी आज इथं येऊन या कमानीकडं आपली म्हणून पाहिलं, तर त्यात त्रिविक्रमाच्या भक्तानं दुखावण्याजोगं काही नाही. इमारत दोघांची आहे, दोघांनी ती टिकवली आहे.

आता एवढं मोठं बौद्ध केंद्र या आडवाटेच्या गावात कशाला, असा प्रश्न पडतो. आडवाट आपली, त्या काळची नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लाल समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावानं ती ओळखली जाते. त्यात तो सांगतो की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर. तगरहून जाडंभरडं कापड, तलम मलमल आणि इतर माल बैलगाड्यांनी, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जातो. तिथून जहाजांनी पुढं रोमन जगाकडं. दुसऱ्या शतकात टॉलेमीनंही तगरची नोंद केली. आणि मध्ययुगात कोकण-कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत राहिले, म्हणजे आमचं मूळ तगरचं, असं अभिमानानं सांगत राहिले. लातूरकरांनी इथं हसायला हरकत नाही, कारण राष्ट्रकूट राजे याच चालीवर ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत आणि ते लट्टलूर म्हणजे आपलं लातूर. दोन शेजारगावं दोन राजघराण्यांची माहेरं.

गंमत अशी की तगर कुठं होतं, हे एकोणिसाव्या शतकात कुणालाच ठरवता येत नव्हतं. विल्फर्डनं देवगिरी म्हटलं, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर म्हटलं, रा. गो. भांडारकरांनी धारूरकडं बोट दाखवलं. एवढे थोर विद्वान नकाशे आणि ताम्रपट चाळत होते, आणि इकडं तेरचे शेतकरी नांगराच्या फाळाला लागलेली सातवाहन नाणी पिशवीत टाकत होते. शेवटी १९०१ साली जॉन फेथफुल फ्लीट या शिलालेखतज्ज्ञानं तगर म्हणजे तेर हे दाखवून दिलं. पुढं कझेन्स आले ते याच पाठपुराव्यात. त्यानंतर वाद संपला.

तेव्हाची मलमल आणि जाडंभरडं कापड कुठून आलं, हे गावाबाहेर उभं राहिलं की कळतं. काळी जमीन, कापसाची जमीन. बौद्ध विहारांची जुनी केंद्रं व्यापारी वाटांवर का सापडतात याची कारणं सगळ्यांना माहीत आहेत: व्यापाऱ्यांना मुक्काम हवा, भिक्खूंना दान हवं, आणि बुद्धाच्या शिकवणीत व्यापाराला कमीपणा नव्हता. सह्याद्रीच्या घाटांत लेणी आली ती घाटावरून मालाचे तांडे उतरत म्हणून. तेर हे त्या साखळीचं दुसरं टोक, जिथून माल निघायचा ते. अजिंठा-कार्ल्याच्या तुलनेत तेर कमी दिसतं कारण कडे टिकतात, विटा टिकत नाहीत.

जे टिकलं ते पाहायला रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जायचं. तेरचं खरं धन इथं आहे आणि ते जमवलं एका गावकऱ्यानं. लामतुरे हे तेरचेच. मुलं ज्या मातीच्या बाहुल्यांशी खेळत होती, पांढरी माती खणताना जे मणी निघत होते, ते त्यांनी आयुष्यभर गोळा केले, लोकांकडून मागून घेतले, सांभाळले. त्यांच्या हजारो वस्तूंच्या संग्रहातून पुढं सरकारी संग्रहालय उभं राहिलं आणि त्याला त्यांचं नाव मिळालं. भारतात पुरातत्त्वाची अशी कथा विरळा. बहुतेक ठिकाणी गावकरी वस्तू विकतात किंवा फेकतात, आणि तज्ज्ञ उशिरा पोचतात.

संग्रहालय लहान आहे. घाई केली तर अर्ध्या तासात संपतं, करू नये. शंखाच्या बांगड्या, अकीक आणि काचेचे मणी, सातवाहनांची शिशाची आणि तांब्याची नाणी, दगडी पाटे आणि जाती, दिवे. मातीच्या बाहुल्यांपुढं मी सर्वांत जास्त वेळ थांबलो. लाल मातीच्याही आहेत आणि पांढऱ्या केओलिन मातीच्याही. केसांचे अंबाडे, कानातली जड कर्णभूषणं, गालावरचं हसू, सगळं बोटाएवढ्या उंचीत. साच्यात दोन अर्धे घडवून जोडण्याची त्यांची पद्धत रोमन जगातल्या बाहुल्यांसारखी आहे. कुंभार इथलाच, कसब मात्र गावोगाव हिंडलेलं.

तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ती हा या संग्रहाचा मानबिंदू. इटलीत वेसुव्हियस ज्वालामुखीनं इसवी सन ७९ मध्ये गाडलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. आता ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती बनली कुठं याचा शोध घेताना अभ्यासकांना तेरची ही मूर्ती आठवली, जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळालेलीही आठवली. बांधा, उभं राहण्याची ढब, दागिने यांत या तिघी बहिणी शोभतात. पाँपेईतली मूर्ती तेरहूनच गेली असं कुणी ठासून सांगू नये, तिच्यावर खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची. पण मराठवाड्यात हस्तिदंतावर हे काम होत होतं आणि ते दूरवर जाणाऱ्या मालाच्या तोडीचं होतं, इतकं या मूर्तीवरून ठाम म्हणता येतं.

इथंच तेरच्या तरंगणाऱ्या विटेचीही गोष्ट ऐकायला मिळते. पाण्यात टाकली तर बुडत नाही म्हणून या भागात ती प्रसिद्ध आहे आणि सांगणारे तिला चमत्काराच्या यादीत घालतात. चमत्कार नाही, कुंभाराची अक्कल आहे. मातीत भाताचं तूस भरपूर मिसळलं की भट्टीत ते जळून जातं आणि विटेत बारीक पोकळ्या राहतात. वीट हलकी होते. छपराची कमान पेलायला हलकी वीट फार सोयीची.

संग्रहालयातली आणखी एक वस्तू चुकवू नये ती म्हणजे उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारशाखा. दीड हजार वर्षांच्या आसपासचं लाकूड आपल्या हवेत टिकणं ही दुर्मीळ गोष्ट. वेरूळ-अजिंठ्याच्या दगडी दारांवर जी नक्षी आपण बघतो ती मुळात लाकडात कशी असेल याचा हा साक्षात नमुना. ती पाहून मग उत्तरेश्वराला जावं. तेही विटांचंच, आणि तिथं विटांवर साच्यातली नक्षी आहे. काळेश्वराचं देऊळही त्याच जातीचं. गावात जुनं जैन मंदिरही आहे. बौद्ध, शैव, वैष्णव, जैन, सगळ्यांनी इथं तेरणेचीच माती भाजली.

आणि मग अर्थातच गोरोबाकाका. तेरणेच्या काठी त्यांची समाधी आहे. गावात त्यांचं घरही दाखवतात. भजनात रंगलेल्या पायांखाली मातीत लेकरू तुडवलं गेलं, ती हृदय पिळवटणारी कथा सगळ्यांनाच ठाऊक. मला तेरमध्ये दुसरी कथा जास्त आठवत राहिली. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईनं काकांना विचारलं, कोणतं मडकं कच्चं ते सांगा. काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर थापटत चालले. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले. निकाल लागला: हे मडकं कच्चं. नामदेव मग विसोबा खेचरांना शोधत औंढा नागनाथला गेले. कुंभार जसा मातीचा भाजलेपणा आवाजावरून ओळखतो तसा माणूस ओळखायचा, ही कथा सुचायला तेरच हवं. जिथल्या लोकांनी मातीची देवळं बांधली, मातीच्या बाहुल्या घडवल्या, ज्यांच्या गावाचं टेकाडच खापरांचं आहे, त्या गावाचा संत कुंभार असणं मला योगायोग वाटत नाही. अर्थात इतिहासाच्या परीक्षेत हे वाक्य लिहू नये.

वेळ उरला तर धाराशिवला जावं. शहराबाहेर बालाघाटाच्या डोंगरात धाराशिव लेणी आहेत. इथली मोठी लेणी आधी बौद्ध होती आणि नंतर जैनांकडं गेली असं एक मत आहे, ती पहिल्यापासून जैनच असं दुसरं. अकराव्या शतकाच्या सुमाराचे जैन कवी मुनी कनकामर यांच्या अपभ्रंश भाषेतल्या ‘करकंडचरिउ’ या काव्यात करकंड राजाला तेरपूरजवळच्या डोंगरात लेणं आणि जिनमूर्ती सापडल्याची कथा येते. ते तेरपूर म्हणजे तेर आणि लेणी ही. मोठ्या सभामंडपात पार्श्वनाथ बसले आहेत. मंडपाचा आराखडा अजिंठ्याच्या विहारांशी नातं सांगतो. पहिलं मत धरलं तर बांधणारे आणि पूजणारे वेगळे असण्याचं हे दुसरं उदाहरण, फक्त इथं त्रिविक्रमाऐवजी तीर्थंकर आहेत. परतताना औशाच्या पुढं खरोशाची लेणीही पाहणारे पाहतात, तांबड्या जांभ्यात कोरलेली. पण ती दुसऱ्या दिवसाची वाट आहे.

मुरुडहून एका दिवसात जायचं असेल तर सकाळी लवकर निघावं आणि आधी त्रिविक्रम गाठावा. सकाळी पुजारी असतो आणि गाभाऱ्यात नीट पाहायला मिळतं. उन्हं चढली की संग्रहालय. सरकारी संग्रहालयांना बहुधा सोमवारी सुट्टी असते, म्हणून सोमवार टाळावा. दुपारी उत्तरेश्वर आणि काळेश्वर, संध्याकाळी समाधी. हिवाळा उत्तम, पावसाळ्यानंतर तेरणेला पाणी असतं. उन्हाळ्यात मात्र टेकाडांवर सावली नाही, डोक्याला उपरणं आणि बरोबर पाणी हवं. यात्रेच्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा दर्शन होतं, पाहणं होत नाही. टेकाडावर खापर दिसलं तर उचलून बघावं, उलटंपालटं करून परत तिथंच ठेवावं, आणि त्याहून काही जास्त सापडलं तर सरळ संग्रहालयात नेऊन द्यावं. तेरमध्ये ही पद्धत लामतुऱ्यांनी घालून दिलेली आहे.